नदीची वही कशी ठेवावी

नदीचं पाणी बाटलीत भरून त्यात आधी मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली आयोडाइड सोडलं की तळाशी साका बसतो. साका तपकिरी असेल तर पाण्यात विरघळलेला प्राणवायू आहे. पांढराशुभ्र असेल तर नाही. मग पुढचं टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं रसायन घालून प्राणवायू नेमका किती ते मोजणं, करायचीही गरज नाही. मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं साहाय्यक होते. हा साका हजारो वेळा पाहिला, पण तो मुलांनी नळाच्या पाण्यात काढलेला, म्हणजे कायम तपकिरी. पांढरा पहिल्यांदा पाहिला तो निवृत्तीनंतरच्या पहिल्या एप्रिलमध्ये, पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाच्या पुलावरून काढलेल्या पाण्यात. वाटलं, रसायन जुनं झालं असेल. नवीन आणलं, पुन्हा केलं. पुन्हा पांढराच.

तेव्हापासून मुठेच्या पाण्याच्या नोंदींची वही ठेवते आहे. दोनशे पानी, लांब, किराणा दुकानदार उधारीसाठी वापरतात तसली. सोसायटीतल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना तेच ते सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण मला पुणंच माहीत. नाशिककरांनी गोदेची आणि कोल्हापूरकरांनी पंचगंगेची नावं घालून वाचावं.

आधी भागाकार समजून घ्या

शहर वाढलं, घाण वाढली, नदी बिघडली, एवढ्यावर आपण थांबतो. पण नदीचा बिघाड हा भागाकार असतो. वरच्या अंकात मैलापाणी आणि खालच्या अंकात नदीचं स्वतःचं पाणी. शहर वाढताना वरचा आकडा फुगतो ते सगळ्यांना दिसतं. खालचा आटतो त्याबद्दल कोणी बोलत नाही. मुठेवर खडकवासल्याचं धरण १८७९ सालचं. नंतर त्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर अशी धरणं झाली. ते पाणी पर्वतीच्या जलकेंद्रात येतं, तिथून आपल्या नळाला, आणि आंघोळ, धुणी-भांडी, संडास करून गटारानं परत नदीत जातं. पावसाळा सोडला तर शहरातल्या पात्रात वाहतं ते बहुतांशी आपणच वापरून टाकलेलं पाणी. म्हणजे मुठा आटली नाही, ती आपल्या घरांतून फिरून येते.

हे एकदा कागदावर करून बघा. घरगुती मैलापाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू, लिटरला १५० ते ३०० मिलिग्रॅम असतो. २०० धरू. नदीत आंघोळ करता यावी असं पाणी हवं तर बीओडी ३ च्या आत लागतो. वरून येणारं धरणाचं पाणी चांगलं, १ चं, धरलं तरी एक लिटर मैलापाणी फिकं करायला त्यात जवळजवळ शंभर लिटर पाणी मिसळावं लागतं. आता शहराचा आकडा घ्या. पुण्यासाठी जपानच्या कर्जातून, ज्याला सगळे 'जायका' म्हणतात, २०१६ साली मंजूर झालेल्या योजनेत ११ शुद्धीकरण केंद्रं मिळून रोज ३९.६ कोटी लिटर मैलापाणी स्वच्छ करायचं होतं. एक क्युसेक म्हणजे दिवसाला साधारण साडेचोवीस लाख लिटर. तेवढं मैलापाणी म्हणजे जवळपास १६० क्युसेक, आणि ते नुसतं पाण्यानं फिकं करायचं तर धरणातून बारा महिने सोळा हजार क्युसेक सोडत राहावं लागेल. खडकवासल्यातून तसा विसर्ग सुटला की नदीपात्रात लावलेल्या गाड्या हलवायची धावपळ होते, हे डेक्कनवर राहणाऱ्यांना सांगायला नको. 'धरणातून थोडं पाणी सोडलं की नदी आपोआप साफ होईल' असं कोणी म्हणालं की मी वहीचं हे पान पुढे करते.

जागा आणि वेळ

पाच जागा पुरतात, तीनही चालतील. पहिली शहराच्या वर, जिथे शहराचा एकही ओढा मिसळलेला नाही. माझी खडकवासल्याची, चौपाटीच्या अलीकडे. मग विठ्ठलवाडीचा घाट, भिडे पूल, संगमानंतरचा बंडगार्डनचा पूल, आणि शेवटची शहर संपल्यावर थेऊरला, चिंतामणीच्या देवळामागे. शहराच्या खालची जागा टाळू नका. मधल्या जागा तुम्हाला चीड आणतील, पण शहर नदीला एकूण काय देतं ते शेवटच्या जागी कळतं. तिथून पुढे हेच पाणी भीमेला मिळून उजनीत जातं, आणि उजनीचं पाणी सोलापूरकर पितात.

पाणी काठावरून घेऊ नका. काठाला कधी एखाद्या नाल्याची धार चिकटून वाहते, कधी पाणी साचलेलं असतं. पुलाच्या मधोमध उभं राहून दोरीला बांधलेला पोहरा सोडा. पहिला पोहरा ओतून द्या, दुसरा भरा. विहिरीवर पाणी काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. माझ्या भाच्याला मात्र चार वेळा शिकवलं, तरी त्यानं एक पोहरा मुठेला अर्पण केलाच. फेरी नेहमी स्वच्छ जागेपासून घाणेरड्या जागेकडे करायची, उलटी केली तर खडकवासल्याच्या बाटलीत थेऊर उतरतं.

वेळ मात्र घड्याळ लावून पाळा. इथे माझी स्वतःची फजिती सांगते. एका फेब्रुवारीत दुपारी तीनला विठ्ठलवाडीच्या डोहातलं पाणी तपासलं तर प्राणवायू लिटरला ११ मिलिग्रॅम आला. पुण्याच्या उंचीवर २५ अंश तापमानाला निवळशंख पाण्यातसुद्धा तो पावणेआठच्या आसपासच मावतो! मला एवढं सुचलं नाही. आनंदानं भाच्याला फोन केला की अरे, नदी सुधारली. तो म्हणाला, मावशी, पाण्याचा रंग कसा होता? हिरवा होता. सांडपाण्यातल्या खतावर शेवाळ माजलं होतं आणि भर उन्हात प्राणवायू सोडत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला त्याच जागेवर जाऊन साका काढला, तो जवळजवळ पांढरा. रात्रभर तेच शेवाळ श्वास घेतं आणि सगळं संपवतं. मासे मरतात ते याच पहाटे. तेव्हापासून माझी वेळ सकाळी सात ते नऊ. कुठलीही ठेवा, पण बदलू नका.

महिनाही तसाच. ऑगस्टचा आकडा एप्रिलशी ताडून पाहणं म्हणजे लग्नातलं जेवण रोजच्या डब्याशी ताडण्यासारखं. यंदाचा एप्रिल मागच्या एप्रिलशीच ताडायचा. दर महिन्याला जमत नसेल तर वर्षाला चार फेऱ्या करा: जानेवारी, एप्रिल, पहिला पाऊस आणि ऑक्टोबर.

कशानं मोजायचं

आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे असतो तो पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), थर्मामीटर, पीएचच्या पट्ट्या, प्राणवायूचं किट, आणि जमल्यास क्लोराइडचं, म्हणजे पाण्यातल्या मिठाच्या अंशाचं, किट. मत्स्यपालनाचं सामान विकणाऱ्यांकडे ही किटं मिळतात. गढूळपणासाठी स्टीलची जुनी ताटली घ्या, तिचे चार भाग करून आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा, मध्ये भोक पाडून दोरी ओवा, आणि पाण्यात किती खोलवर दिसते ते दोरीवरच्या गाठी मोजून लिहा. रसायनं घरी हाताळणार असाल तर सल्फ्युरिक आम्लाची बाटली उंच फळीवर, आणि वापरलेलं द्रावण एका कॅनमध्ये साठवून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत द्या. नदी मोजताना जमलेलं रसायन बेसिनमध्ये ओतणारी माणसं मी पाहिली आहेत.

बीओडी घरी करण्याच्या फंदात पडू नका. त्याला २७ अंशांवर ३ दिवस ठेवायची पेटी लागते. आपल्याकडे ३ दिवस २७ अंश, परदेशात ५ दिवस २० अंश. जुने अहवाल चाळताना हे बघून घ्या, नाहीतर दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे एकाच रांगेत बसतात. जिवाणू तपासायच्या छोट्या कुप्याही मिळतात, पाणी दूषित असलं की काळ्या पडतात. त्या खडकवासल्याला वापरा. भिडे पुलाच्या पाण्यात वापरणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ती काळी पडणारच.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. बहुतेक लोक टीडीएस आणि क्लोराइडकडे दुर्लक्ष करतात, कारण त्यात नाट्य नाही. मी सगळ्यात आधी तेच बघते. मीठ कुजत नाही, उडत नाही, शुद्धीकरण केंद्रातल्या जिवाणूंनाही त्याचं काही करता येत नाही. आपण खाल्लेलं मीठ लघवीतून गटारात, गटारातून नदीत. खडकवासल्याचं पाणी पावसाचं, बेसॉल्टच्या डोंगरांवरून आलेलं, त्यात क्लोराइड मुळात थोडं. त्यामुळे खालच्या जागी ते किती पट झालं, त्यावरून नदीत वापरलेल्या पाण्याचा वाटा किती, याचा अंदाज येतो, मग ते पाणी शुद्ध केलेलं असो वा नसो.

हा एक आकडा हाताशी असला की बाकीचे बोलायला लागतात. दोन एप्रिल ताडून पाहिले आणि प्राणवायू सुधारला, पण क्लोराइड तेवढंच राहिलं, तर कुठेतरी शुद्धीकरण केंद्र खरंच चालू झालंय. प्राणवायू सुधारला आणि क्लोराइडही घसरलं, तर नदी सुधारलेली नाही, फक्त अवकाळी पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं. क्लोराइड वाढलं आणि प्राणवायू तेवढाच, तर लोकवस्ती वाढली पण केंद्रांनी निदान तग धरला. दोन्ही बिघडले, तर जास्त माणसं आली आणि त्यांच्यासाठी गटार आलं नाही. जवळ मिठाचं पाणी सोडणारा कारखाना असेल तर हा हिशेब बिघडतो, हेही लिहून ठेवा.

शहराचं पान

वहीत उजव्या पानावर नदी, डाव्या पानावर शहर. डावं पान रिकामं ठेवलं तर पंधरा वर्षांनी नुसत्या आकड्यांच्या रांगा उरतात. जनगणना हा पहिला आधार. पुणे महापालिकेची लोकसंख्या २००१ साली २५ लाख ३८ हजार होती, २०११ साली ३१ लाख २४ हजार. त्याच दहा वर्षांत शेजारचं पिंपरी-चिंचवड १० लाखांवरून १७ लाखांवर गेलं. पवना का एवढी झपाट्यानं बिघडली, याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. ती दापोडीजवळ मुळेला मिळते, म्हणजे संगमावर आपल्या मुठेला जी मुळा भेटते ती दुसऱ्या शहराचं पाणी घेऊनच येते. संगमाखालच्या आकड्यांसाठी फक्त पुण्याला शिव्या घालू नका.

मग हद्दवाढीच्या तारखा. २०१७ साली ११ गावं पुण्यात आली, २०२१ साली आणखी २३. गाव महापालिकेत यायच्या आधीच तिथे इमारती उभ्या राहिलेल्या असतात. क्रम ठरलेला: आधी बांधकाम, मग पाण्याचा टँकर, मग रस्ता, आणि ड्रेनेज सगळ्यात शेवटी. मधली वर्षं सेप्टिक टँक भरतात, आणि ते उपसणारी गाडी रात्री कुठल्या ओढ्याशी उभी राहते ते त्या ओढ्याकाठच्या लोकांना विचारा. मोठमोठी केंद्रं बांधूनही नदीचे आकडे हलत नाहीत, याचं एक कारण हे आहे: केंद्राच्या पाइपापर्यंत जे मैलापाणी पोचतच नाही, ते केंद्र स्वच्छ कसं करणार?

ओढ्यांची नावं जुन्या नकाशावरून उतरवून घ्या. कागदोपत्री ओढ्याचा 'नाला' कधी झाला ते शोधायला मजा येते आणि रागही येतो. नागझरीच्या नावात झरी आहे. आंबिल ओढा कात्रजहून येतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्यानं काय केलं ते अरण्येश्वर-टांगेवाला कॉलनीकडच्या लोकांना विचारावं लागत नाही. ते पुराचं प्रकरण झालं, पण पाण्याच्या दर्जाशीही त्याचं नातं आहे. माती होती तिथे काँक्रीट आलं की पाऊस मुरत नाही. एक तर उन्हाळ्यात झिरपून येणारं पाणी थांबतं, म्हणजे भागाकारातला खालचा अंक आणखी घटतो. आणि पावसाळ्याच्या पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल, टायरचा भुगा, कचरा, वर्षभर गटारात बसलेला गाळ, सगळं अर्ध्या तासात नदीत येतं.

आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा. 'कोणत्या साली?' असं विचारलंत तर कोणालाच सांगता येत नाही. पुण्यात विचारायचं, 'पानशेतच्या आधी की नंतर?' म्हणजे १२ जुलै १९६१ची खुंटी मिळते. माझी आई सांगायची की ओंकारेश्वरापाशी ती पानशेतच्या आधी गोधड्या धुवायला जायची. पुढे कधीतरी धुणं बंद झालं. का, ते तिला सांगता यायचं नाही. 'गोधडीला वास यायला लागला' एवढंच. हे डाव्या पानावर जसंच्या तसं लिहिलं आहे.

जिवंत खुणा

किट संपलं तरी नदी सांगत असते. तळाचा दगड उलटून बघा. चपट्या, शेपटीला दोन-तीन धागे असलेल्या अळ्या चिकटलेल्या असतील तर पाणी चांगलं. दगडाखाली नुसता काळा गाळ आणि त्यात लाल सुतासारखे वळवळणारे जीव असतील तर प्राणवायू संपत आलाय. त्यांच्या अंगातला लाल रंग थोडका प्राणवायू धरून ठेवण्यासाठीच असतो. पक्षी पाहून मात्र फसू नका. लांब गुलाबी पायांचे शेकाट्या घाण पाण्यात थव्यानं उतरतात, फोटो सुंदर येतात आणि लोक लिहितात की नदीवर पक्षी परतले. ते त्या लाल अळ्या खायला येतात.

माशांसाठी जुन्या नोंदी आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९४०च्या दशकात पुण्याच्या माशांच्या याद्या छापून आल्या होत्या. आज गळ टाकून बसलेल्या माणसाशी गप्पा मारा. चिलापी आणि मांगूर, ही दोनच नावं पुन्हा पुन्हा येत असतील तर बाकीची जात संपली किंवा वर पळाली. मांगूर तर हवेतलाही श्वास घेतो, त्याला पाण्यात प्राणवायू असो-नसो.

जलपर्णीचं वेगळं. ती कुजकी घाण खाऊन वाढत नाही, नायट्रोजन आणि फॉस्फरसवर वाढते, आणि हे दोन्ही साध्या शुद्धीकरणातून बरेचसे तसेच बाहेर पडतात. म्हणून असं होऊ शकतं की केंद्र सुरू झालं, बीओडी उतरला, पाण्याचा वास गेला, आणि तरीही फेब्रुवारीत मुळा-पवना हिरव्या गालिच्याखाली गेल्या. लोक म्हणतात केंद्र बंद आहे. नेहमी तसंच असतं असं नाही.

सरकारी आकडे कसे वाचायचे

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ दर महिन्याला नद्यांचे नमुने घेतं आणि आकडे संकेतस्थळावर टाकतं. महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल काढते. दोन्ही उतरवून घ्या, आणि तुमच्या पाच जागांच्या शेजारी लिहा. वर्षाची सरासरी बघू नका. चार पावसाळी महिने सरासरीला गोंडस करतात. वर्षातला सगळ्यात वाईट महिना बघा, माशाला सरासरीत जगता येत नाही. ठिकाणाचं नाव तेच आहे ना, की मधल्या एका वर्षी नमुन्याची जागाच सरकली, तेही बघा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नद्यांच्या प्रदूषित पट्ट्यांची यादीही येते. २०१८ साली देशात असे ३५१ पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रात. २०२२च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला आणि आपला ५५ वर चढला. दोन्ही वेळा पहिला नंबर आपलाच. यादीत पट्टा कुठल्या गटात आहे ते बघा: बीओडी ३० च्या वर तो पहिला गट, ३ ते ६ तो पाचवा. पट्टा पहिल्यातून तिसऱ्यात आला तर ते खरं काम आहे, यादीतून नाव गेलं नाही म्हणून नाक मुरडू नका.

पावसाळ्यात विसर्गाचा भोंगा वाजला की पात्रात उतरू नका, एकटं जाऊ नका, पायाला जखम असेल तर त्या दिवशी राहू द्या. लेप्टो, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे शिरणारा ताप, हा नुसता मुंबईचा आजार नाही. हातमोजे घाला. घरी आल्यावर बाटल्या आधी साध्या पाण्यानं, मग जरा आम्लाच्या पाण्यानं विसळा. साबण नको, त्यात फॉस्फेट असलं तर पुढच्या वेळी तुम्ही नदीऐवजी साबण मोजाल.

पहिल्या पावसाची बाटली मे महिन्याच्या मध्यालाच तयार ठेवावी लागते, कारण तो सांगून येत नाही आणि अर्ध्या तासात संपतो. सर सुरू झाली की सगळ्यात जवळच्या ओढ्याच्या पुलावर जायचं, दहा-दहा मिनिटांनी तीन बाटल्या. पहिली काळी असते, दुसरी चहासारखी, तिसरी मातीच्या रंगाची. माझ्या तिन्ही धुऊन चपलांच्या कपाटावर ठेवल्या आहेत, चिठ्ठ्याही चिकटवल्यात. तारीख तेवढी लिहायची आहे.